‘सायक्लोन’ शब्द आला कुठून? आणि २०२० साली सोलापुरात झाला तो पाऊस सायक्लोनचाच का?

‘सायक्लोन’ म्हणजे कमी दाबाच्या केंद्राभोवती गरगर फिरणारं वादळ, आपलं चक्रीवादळ. आणि हा शब्द जन्मला चक्क कोलकात्यात. तिथे सागरी चौकशी न्यायालयाचं काम पाहणारे हेन्री पिडिंग्टन जहाजांच्या नोंदवह्या चाळून बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करत. १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हा शब्द सुचवला. मूळ ग्रीक, वर्तुळाशी नातं सांगणारं. सापाचं वेटोळं हाही अर्थ त्यांनी दिला होता. वारा नेमका वर्तुळातच फिरतो असा दावा नको, म्हणून त्यांना हा मोघम शब्द सोयीचा वाटला. चांगलीच सावध निवड!

सोलापूरचं म्हणाल तर नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पंढरपूर-सोलापूर भागाला झोडपलं ते काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणामार्गे आलेल्या तीव्र कमी दाबाच्या पट्ट्याने. हवामान खात्याच्या हिशेबात वाऱ्याचा वेग ताशी साधारण ६२ किलोमीटरवर गेला तरच चक्रीवादळ. मात्र ही वर्गवारी फक्त वाऱ्याची आहे, पावसाची नाही. त्यामुळे ‘सायक्लोन नव्हतं’ म्हणजे पाऊस कमी होता असं अजिबात नाही.