रात्री जागणारा मुलगा आळशी असतो का?

“रात्री दोनपर्यंत जागतो आणि सकाळी उठवताना रोज भांडण होते, याला वळण कसे लावायचे?” हा प्रश्न दहावी-बारावीच्या पालकांकडून मला वारंवार ऐकायला मिळतो. अकरावीतल्या एका मुलाच्या आईवडिलांनीही तोच विचारला होता. (ओळख कळेल असे तपशील येथे बदलले आहेत.) वडिलांनी मोबाइल काढून घेऊन पाहिला होता, तरीही मुलगा अंधारात टक्क जागा राहत होता, आणि त्यामुळे तो मुद्दाम हट्ट करतो असा त्यांचा समज झाला होता.

मी त्याला आठवडाभर झोपेच्या वेळा वहीत लिहायला सांगितल्या. सकाळी सातचा क्लास, दुपारी कॉलेज, घरी येताच साडेचार ते सात झोप, रात्री नऊला आईने अभ्यासासाठी दिलेला कडक चहा आणि रविवारी बारापर्यंत अंथरुणात, असा क्रम त्यातून दिसला. दिवसभर जागे राहिल्याने साठत जाणारी झोपेची ओढ संध्याकाळच्या त्या अडीच तासांत संपून जात होती, चहातले कॅफिन पाच-सहा तासांनंतरही निम्मे शरीरात उरत होते आणि रविवारच्या उशिरा उठण्याने शरीराचे घड्याळ आणखी पुढे सरकत होते. मोबाइलचाही वाटा होताच, पण सगळा दोष त्याच्या माथी मारणे बरोबर नव्हते.

वडिलांना मी आणखी एक गोष्ट समजावली. झोपेची वेळ झाल्याचा संकेत देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक वयात येताना लहानपणीपेक्षा उशिरा, काहींमध्ये दोन तासांपर्यंत उशिरा, स्रवू लागते. त्यामुळे दहाला झोप न येणे हा त्या मुलाचा उद्धटपणा नव्हता. हे ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर करून वडिलांकडे पाहिले. माझ्या मते उपचाराची सुरुवात तिथेच झाली, कारण ज्या घरात झोपेवरून रोज खटके उडतात तिथे अंथरुणाला पाठ टेकताच मन सावध होते.

आम्ही झोपण्याच्या वेळेला हात लावलाच नाही. उठण्याची वेळ पक्की केली. रविवारी फार तर तासभर सूट. उठल्यावर अर्धा तास गच्चीवर उजेडात घालवायचा, कारण सकाळचा प्रकाश शरीराचे घड्याळ अलीकडे आणतो. संध्याकाळची झोप वीस मिनिटांवर आणली, चहा दुपारपुरता ठेवला, आणि रात्री घरातल्या सगळ्यांचे मोबाइल, वडिलांचाही, दिवाणखान्यात चार्जिंगला लागू लागले. पहिला आठवडा त्याला फार जड गेला. संध्याकाळी डोळे मिटत, चिडचिड होई. पण आई त्या वेळी त्याला भाजी आणायला सोबत नेत असे. पुढे झोप हळूहळू अलीकडे येत सव्वाअकरावर स्थिरावली.

तो घोरत असता, सतत उदास राहत असता किंवा इतके करूनही झोपू शकत नसता, तर मी त्याला डॉक्टरांकडे पाठवले असते.

तरीही सहाला उठायचे म्हणजे पावणेसात तासच मिळत होते, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. किशोरवयीन मुलांचाही असाच विचार व्हायला हवा असे मला मनापासून वाटते. या घरापुरता वडिलांनी मार्ग काढला: ते स्वतः क्लासमध्ये जाऊन बोलले आणि मुलाची बॅच संध्याकाळची करून घेतली.