रात्री नऊ वाजताचं नेट: फायबर घ्यावं की वायरलेस?

या वेळच्या पत्रांत एकच पेच वेगवेगळ्या घरांतून आला आहे: तारेचं नेट घ्यावं की टॉवरवरून येणारं? सगळ्यांना एकच उत्तर देऊन भागत नाही. म्हणून ज्यांनी आपल्या घराची आणि कामाची नीट माहिती कळवली, त्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न: दोन्ही कंपन्या १०० एमबीपीएस देतो म्हणतात. एकीचं फायबर आहे, दुसरीचं फाइव्ह-जी वायरलेस. वायरलेसवाला उद्याच बसवून देतोय, फायबरला तीन आठवडे लागतील. मी आणि पत्नी दोघंही घरून काम करतो, दिवसभर व्हिडिओ कॉल असतात. आकडा सारखाच असेल तर थांबायचं कशाला?

उत्तर: तरी थांबा. तीन आठवडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढावे लागले तरी चालेल.

नेट वाटून घेणं दोन्हीकडे असतं, हे आधी सांगून टाकतो. फायबरच्या जीपॉन पद्धतीत एका तारेतून २.४८८ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२४४ जीबीपीएस अपलोड मिळतो आणि स्प्लिटर लावून तो साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला, तर डाउनलोडचे प्रत्येकी ७७ एमबीपीएस वाट्याला येतील. असा क्षण जवळपास कधीच येत नाही, कारण फोर-के चित्रपटसुद्धा १५ ते २५ एमबीपीएसमध्ये सुरळीत चालतो. शिवाय वाटेकरी ठरलेले असतात. स्प्लिटरला जेवढी तोंडं, तेवढीच घरं.

टॉवरकडे अशी ठरलेली तोंडं नसतात. त्याच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे एका दिशेच्या भागात, तुमच्या घराबरोबर आजूबाजूचे सगळे मोबाइल असतात, आणि संध्याकाळी लोक घरी परतले की त्यांची संख्या वाढते. टॉवर खरं तर वेळ वाटत असतो. ज्याचा सिग्नल कमजोर, त्याला तीच फाइल पोचवायला टॉवरचा जास्त वेळ जातो. म्हणजे तुमची रेंज उत्तम असली, तरी सेक्टरच्या कडेला बसलेले दहा जण व्हिडिओ पाहू लागले की तुमचा वाटा आटतो. यात तुमची काही चूक नसते आणि तुम्हाला ते दुरुस्तही करता येत नाही.

तुमच्या कामाला अपलोड सर्वांत महत्त्वाचा आहे. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या फाइव्ह-जी पट्ट्यात डाउनलोड आणि अपलोड एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतात आणि बराचसा वेळ डाउनलोडला दिलेला असतो. त्यात तुमच्या घरातल्या छोट्या डब्याची ताकद टॉवरच्या मानाने फारच कमी. कॉलवर तुम्हाला समोरचा माणूस स्वच्छ दिसतो आणि तो मात्र म्हणतो, ‘तुमचा आवाज तुटतोय’, तेव्हा बहुतेक वेळा दुखणं अपलोडचं असतं. चांगल्या प्रतीच्या एका कॉलला दोन्ही दिशांनी ३-४ एमबीपीएस लागतात. दोघांचे मिळून ८ झाले. हा आकडा मोठा नाही, पण तो प्रत्येक सेकंदाला मिळायला हवा.

माझं म्हणणं तपासून पाहायचं असेल, तर त्या वायरलेस कंपनीचं सिम फोनमध्ये घाला, फोन खिडकीत ठेवा आणि तीन-चार दिवस रात्री आठ ते अकराच्या दरम्यान मोजणी करा. डाउनलोडच्या आधी अपलोड आणि पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) पाहा. सकाळी अकराला आलेला आकडा कितीही सुंदर असला, तरी त्यावर निर्णय घेऊ नका.

प्रश्न: आमचं घर वस्तीपासून दूर, शेतात आहे. फायबर येणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. दीड किलोमीटरवरचा टॉवर गच्चीवरून दिसतो, पण घरात दोनच काड्या येतात. काही करता येईल का?

उत्तर: पुष्कळ करता येईल. टॉवर डोळ्यांनी दिसतो, इथेच अर्धं काम झालं.

काड्यांकडे पाहणं सोडा. डब्याच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे असतात. पहिला सिग्नलची ताकद सांगतो: उणे ८०च्या आसपास उत्तम, उणे ११०च्या खाली गेला की हाल. दुसरा सांगतो की सिग्नल गोंगाटातून किती वर उठून दिसतोय. तो २०च्या वर असेल तर छान, शून्याजवळ असेल तर ताकद असूनही वेग मिळत नाही. दोहोंत निवडायची वेळ आली तर मी एसआयएनआर धरतो. जवळचा पण गजबजलेला टॉवर सोडून लांबच्या शांत टॉवरकडे तोंड केल्यावर नेट सुधारलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

डबा घरात ठेवू नका. काँक्रीटची भिंत आणि धातूचा पातळ थर दिलेली खिडकीची काच सिग्नल चांगलाच खातात. बाहेर बसवायचं युनिट मागून घ्या. ते गच्चीवर खांबाला लागतं आणि खाली फक्त लॅन केबल येते, तिच्यातूनच त्याला वीजही जाते. अँटेना बाहेर, डबा आत आणि मध्ये लांबलचक कोएक्स केबल असली भानगड टाळा, कारण मिळवलेला सिग्नल त्या केबलमध्येच जिरतो. युनिट टॉवरकडे वळवून घट्ट करण्याआधी थोडं डावी-उजवीकडे फिरवा, प्रत्येक जागी मिनिटभर थांबा आणि आकडे लिहून ठेवा. दोन माणसं लागतात, एक गच्चीवर आणि एक पडद्यासमोर. खांबाला अर्थिंग हवंच, ते वायरमनकडून नीट करून घ्या.

झाडांचाही विचार करा. मी स्वतः दोन वर्षं वायरलेसवर काढली. पानगळीच्या दिवसांत नेट बरं चालायचं आणि पालवी फुटली की ढेपाळायचं. मी कंपनीला फोन करून थकलो, तीनदा डबा बदलून झाला. शेवटी लक्षात आलं की टॉवर आणि गच्ची यांच्या मधोमध एक मोठं झाड आहे आणि ओल्या पानांतून लहरी जेमतेम येतायत. युनिट पाच फूट सरकवलं आणि वर्षभराचा त्रास संपला. फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितका हा त्रास जास्त. २६-२८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर एक झाडही पुरेसं होतं.

हे सगळं करूनही जमलं नाही, तर उपग्रहाचा पर्याय उरतो. त्यात एक फरक ओळखा. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाकडून उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जातो, कॉलवर दोघं एकदमच बोलू लागतात. ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांवर हा वेळ साधारण २५ ते ६० मिलिसेकंद असतो. मात्र त्यांना आकाश मोकळं लागतं.

प्रश्न: आमची सोसायटी कंपनीच्या केंद्रापासून १५ किलोमीटरवर आहे. इतक्या लांबून फायबर स्लो होत नाही का?

उत्तर: नाही. तांब्याच्या तारेवर अंतरागणिक वेग घटायचा, ती भीती मनात राहिलेली असते. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं की काचेतली अशुद्धी काढली तर प्रकाश दूरवर नेता येईल. याच कामासाठी त्यांना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या काचेत घट किलोमीटरला ०.२ ते ०.३५ डेसिबलच्या घरात असते. म्हणजे तुमच्या १५ किलोमीटरमध्ये फार तर सव्वापाच डेसिबल गेले. ३२ तोंडांचा स्प्लिटर एकटाच त्याच्या तिपटीहून अधिक खातो, आणि तो सगळा हिशेब यंत्रणा बसवतानाच धरलेला असतो. तंत्रज्ञ आला की ओएनटीवर, म्हणजे फायबर ज्यात शिरतं त्या घरातल्या डब्यावर, येणाऱ्या प्रकाशाची पातळी विचारा. उणे २५ डीबीएमपेक्षा चांगली (म्हणजे उणे २०सारखी) असेल तर निर्धास्त राहा. उणे २७च्या पुढे असेल, तर वाटेत कुठेतरी जोड खराब आहे किंवा तार मुडपली आहे. तो दुरुस्त झाल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न: ३०० एमबीपीएसचं फायबर घेतलं. दिवाणखान्यात वेग मिळतो, आतल्या खोलीत ३०सुद्धा येत नाही. कंपनी बदलावी का?

उत्तर: कंपनी बदलून आतली खोली तशीच राहील. लॅपटॉपला लॅन केबल लावून थेट राउटरवर मोजा. ३००च्या आसपास आले तर लाइन ठीक आहे, दुखणं वाय-फायचं आहे. नेमके ९४-९५ आले तर ओळखा की कुठलं तरी पोर्ट किंवा केबल १०० एमबीपीएसवर अडकली आहे. केबलच्या आठांपैकी एखादी तार तुटली तरी असं होतं. केबल बदलून पाहा.

वाय-फायमध्ये ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतींपुढे हार मानणारं, २.४ गिगाहर्ट्झ दूर पोचणारं पण मंद आणि शेजाऱ्यांच्या राउटरांनी गजबजलेलं. टीव्हीच्या मागे किंवा बंद कपाटात ठेवलेला राउटर बाहेर काढून उंचावर ठेवला, तरी कित्येक घरांचं काम होतं. नसेल होत तर आतल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढा आणि तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. केबलविना लावलेला स्वस्त रिपीटर रेंज दाखवतो आणि वेग निम्मा करतो, म्हणून मी तो सुचवत नाही.

ज्यांचं फायबर अजून बसायचं आहे त्यांनी ओएनटी दाराजवळ न ठेवता घराच्या मधोमध आणायला सांगावं. फायबर काच असते, ती काटकोनात दुमडू नये, दाराच्या फटीत चेपू नये. घरात वापरायच्या लवचीक फायबरलाही ७.५ ते १० मिलिमीटर त्रिज्येचं वळण लागतं, जुन्या प्रकाराला ३०.

प्रश्न: आमच्याकडे आहे ते खरंच फायबर आहे का, हे कसं ओळखायचं?

उत्तर: घरातल्या डब्यात शिरणारी तार पाहा. बारीक तार आणि टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल तर फायबर. जिन्यातल्या पेटीतून आलेली लॅन केबल असेल, तर फायबर इमारतीपर्यंतच आहे. ते वाईट असतंच असं नाही, पण जिन्यातल्या पेटीची वीज गेली की सगळ्या मजल्यांचं नेट जातं. फायबरचं टोक उपसून डोळ्यासमोर धरू नका. आतला लेझर अवरक्त असतो, तो दिसत नाही.

प्रश्न: मी अकरावीत आहे. प्रकाश काचेत सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि रेडिओ लहर हवेत ३ लाख. मग गेम खेळताना वायरलेसचा पिंग कमी यायला हवा ना?

उत्तर: प्रश्न अगदी योग्य आहे आणि तुझे आकडेही बरोबर आहेत. पण शेवटचे ५ किलोमीटर काचेतून जायला २५ मायक्रोसेकंद लागतात, हवेतून १७. हा फरक गेममध्ये कुणालाच कळणार नाही. वायरलेसमध्ये वेळ जातो तो परवानगीत. तुझ्या डब्याला टॉवरकडे पाळी मागावी लागते, पाळी आल्यावर पाठवावं लागतं आणि वाटेत पॅकेट बिघडलं तर पुन्हा पाठवावं लागतं. फायबरवर हा भाग दोन-तीन मिलिसेकंदांत आटोपतो, वायरलेसवर १० ते ३० लागतात, आणि ते प्रत्येक वेळी वेगळे असतात. खेळात नेम चुकवतो तो हा चढ-उतार.

तुझ्या घरी फायबर असूनही लॅग येत असेल, तर कुणी फोटो अपलोड करतंय का बघ. राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि २०चा पिंग ३००वर जातो. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असेल तर ते चालू करून मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेव. वायरलेसवर लाइनचा वेगच सारखा बदलतो, त्यामुळे हा उपाय तिथे नीट लागू पडत नाही.

प्रश्न: आमच्याकडे वीज वारंवार जाते. अशा ठिकाणी काय टिकतं?

उत्तर: जीपॉनच्या वाटेवर, केंद्रापासून तुमच्या घरापर्यंत, विजेची गरजच नसते. स्प्लिटर नुसता काचेचा असतो. केंद्राकडे बॅटरी आणि जनित्र असतं, राहिला प्रश्न तुमच्या घराचा. ओएनटी आणि राउटर मिळून १० ते २० वॅट खातात, १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्यांना काही तास पुरतो. टॉवरलाही बॅटरी असते, पण लांबलेल्या खंडात ती उतरते, आणि नेमक्या त्याच वेळी सगळी वस्ती मोबाइल डेटावर आलेली असते.

फायबरचा शत्रू खोदकाम आहे. ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकू लागला तर राउटर पुन्हापुन्हा बंद-चालू करू नका, प्रकाशच येत नाहीये, तक्रार नोंदवा. दुरुस्तीला दोन दिवसही लागतात. म्हणून ज्याची रोजीरोटी नेटवर आहे त्याने दुसरी सोय ठेवावी, आणि ती वायरलेसच असावी. दोन कंपन्यांची दोन फायबर एकाच चरातून येत असतील, तर एकच फावडं दोन्ही तोडतं.

प्रश्न: वर्षभरात घर बदलायचं आहे. आम्ही दोघंच, बातम्या आणि मुलीशी व्हिडिओ कॉल एवढाच वापर. फायबरसाठी भिंतीला भोक पाडायला घरमालक तयार नाहीत.

उत्तर: तुम्ही खुशाल वायरलेस घ्या. एवढ्या वापराला ते पुरतं, आणि घर बदलताना डबा उचलून नेता येतो. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. जोडणी एकाच पत्त्याला बांधलेली आहे का? महिन्याला किती डेटा संपल्यावर वेग उतरतो आणि तो कितीवर येतो? आणि पहिल्या आठवड्यात नाही जमलं तर अनामत परत मिळते का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर त्या आठवड्यात मुलीला रोज रात्री नऊला कॉल लावा.