टँकलेस गिझर घ्यावा का? आधी कार्डाचं बिल बघू

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र: "वय ४१, हातात पगार ७२ हजार, घरात चार माणसं. नऊ वर्षं जुना १५ लिटरचा गिझर गळायला लागलाय. विक्रेत्याने सगळ्या घरासाठी १८ किलोवॉटचा टँकलेस (म्हणजे बिनटाकीचा, वाहतं पाणी तापवणारा) गिझर सुचवला आहे. यंत्र ४२ हजार, थ्री फेज जोडणी आणि वायरिंग २३ हजार. ३१०० रुपयांचं वीजबिल निम्म्यावर येईल, साडेतीन वर्षांत पैसे वसूल होतील, असं तो म्हणतो. क्रेडिट कार्डावर ५५०० रुपयांचे १२ 'नो कॉस्ट' हप्ते बसतात. कार्डावर आधीचे १ लाख ४० हजार आहेत, विम्याचा दुसरा हप्ता त्यावरच भरला होता. किमान रक्कम मी नियमित भरतो, पगारवाढ झाली की बाकी फिटेल. दोन लाखांची एफडी आहे, पण ती अडीअडचणीसाठी. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो, पाणी बोअरचं. गिझर घ्यावा का?"

नाही, हा घेऊ नका. त्याचं कारण लवकर सांगून होईल.

२० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या जरा कमीच वीज लागते. चार माणसं, चार बादल्या, म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला ६०. सगळे आकार धरून तुमच्या बिलात युनिट ११ रुपयांना पडतं. म्हणजे पाणी तापवण्याचा पूर्ण खर्च झाला ६६० रुपये. त्यातून दीडहजार वाचणार कुठून? पाणी तापवायला लागणारी ऊर्जा टाकी असली तरी तेवढीच आणि नसली तरी तेवढीच. वाचते ती फक्त टाकीतलं पाणी नुसतं उभं राहून थंड होतं तेवढी. जुना गिझर चोवीस तास चालू ठेवलात तर रोज एखादं युनिट, महिन्याला ३३० रुपये. पण थ्री फेज घेतल्यावर स्थिर आकारच दरमहा सुमारे ३०० रुपयांनी वाढतो. आणि आंघोळ झाल्यावर बटण बंद करायची सवय असेल, तर हे ३३० तुमचे आजही जात नाहीत.

शिवाय टँकलेस गिझरला पाण्याचा दाब लागतो. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापेक्षा जेमतेम तीन मीटर उंच असणार, म्हणजे ०.३ बार दाब. एवढ्या दाबावर बऱ्याच यंत्रांचा फ्लो स्विच (पाणी वाहू लागलं की यंत्र सुरू करणारं बटण) चालूच होत नाही. मग प्रेशर पंप बसवा. बोअरच्या पाण्याचे क्षार आतल्या बारीक नळ्यांत धरतात, ते दर काही महिन्यांनी काढत बसा. तीन किलोवॉटचा छोटा टँकलेस म्हणाल, तर थंडीत तो मिनिटाला पावणेदोन लिटर गरम पाणी देईल. बादली भरायला बारा मिनिटं.

२५ लिटरचा पाच स्टारचा साधा स्टोरेज गिझर घ्या. आठ ते दहा हजारांत येतो. दोन किलोवॉटचा असला तर अर्ध्या तासात पाणी तापतं. खारं पाणी म्हणून ॲनोड रॉड (स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी सळई) वर्षाने तपासून घ्या, तो संपला की टाकी गळायला लागते. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि अर्थिंग बसवणाऱ्याकडून समोर तपासून घ्या. स्वस्त पडतो म्हणून गॅस गिझरकडे वळाल, तर तो बाथरूमच्या आत मुळीच लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बंद बाथरूममध्ये माणसं त्याने दगावली आहेत.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, ते. पत्रासोबत जोडलेलं कार्डाचं स्टेटमेंट काढा. व्याज महिना साडेतीन टक्के. १ लाख ४० हजारांवर ४९०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ५८००. तुम्ही भरता किमान ७०००. त्यातले बाराशेच मुद्दलात जातात. "नियमित भरतो" हे खरं, पण वर्षाला ७० हजारांच्या आसपास निव्वळ व्याजात जातायत. आणि ज्या एफडीला हात लावायचा नाही म्हणता, ती साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १३ हजार देते. याहून मोठी अडीअडचण कुठली येणार आहे? उद्याच एफडी मोडा. दंड फार तर दोनेक हजार. कार्ड पूर्ण फेडा. पगारवाढीची वाट बघू नका. ती येईलही, पण व्याज तोवर थांबत नाही.

थकबाकी असताना कार्डावरच्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हेही लक्षात घ्या. गिझरचा हप्ता किमान रकमेत पुरा धरला जातो, म्हणजे तुमचे ७००० थेट १२,५०० होतील.

हे कर्ज झालं कशामुळे? बँकेत "एफडीसारखीच, वर विमा" म्हणून विकलेल्या पॉलिसीमुळे. दहा वर्षं दरसाल एक लाख, विसाव्या वर्षाअखेर २० लाख. "दहाचे वीस, हमखास" हे ऐकायला छान वाटतं. हिशेब केला की परतावा साडेचार टक्के निघतो. ते साडेचार टक्के मिळवायला तुम्ही बेचाळीस टक्क्यांचं कर्ज काढलंत. ज्याने ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली त्याने तुमचं भलं पाहिलं नाही, हे मला स्पष्टच लिहायला हवं.

पुढचे हप्ते थांबवले तरी भरलेल्या दोन हप्त्यांचे विसाव्या वर्षी चार लाख मिळतील असं धरा. म्हणजे उरलेले आठ हप्ते भरलेत तर त्यांच्या बदल्यात १६ लाख. तेच पैसे पीपीएफमध्ये ७.१ टक्के दर टिकला तर २२ लाखांच्या आसपास होतात. म्हणून तिसरा हप्ता भरू नका. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली (पॉलिसी मोडून पैसे परत घेतले) तर किती, आणि पेड-अप केली (हप्ते थांबवून पॉलिसी मुदतीपर्यंत तशीच ठेवली) तर विसाव्या वर्षी किती. पेड-अपचे चार लाख मिळणार असतील, तर सरेंडरची रक्कम १ लाख २० हजारांच्या वर असली तरच सरेंडर करा. कारण ७.१ टक्क्यांनी १ लाख २० हजारांचे अठरा वर्षांत चार लाखांच्या आसपास होतात. त्याहून कमी असेल तर पेड-अप करून ठेवा आणि विसरून जा.

पण पॉलिसीला हात लावण्याआधी मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) घ्या. तुमचं विमा संरक्षण फक्त दहा लाख आहे, घराचं एका वर्षाचं उत्पन्नही त्याहून फारसं कमी नाही. निर्व्यसनी असाल तर एक कोटीला वर्षाला २० हजारांच्या आसपास पडेल. जुने आजार अर्जात लपवू नका.

एफडीतून कार्ड आणि गिझर गेल्यावर ५० हजार उरतात, हे कमी आहेत. पण कार्डाचे ७००० आणि पॉलिसीचे महिन्याकाठी ८३०० मोकळे होतात. मुदत विम्याचा खर्च वजा जाता साडेतेरा हजार. अकरा महिन्यांत एफडी पुन्हा दोन लाखांवर येते.

पॉलिसीचा हप्ता कार्डावरून आपोआप कापला जातो असं तुम्ही लिहिलंय, आणि तिसरा पाच आठवड्यांवर आलाय. ती सूचना या आठवड्यातच रद्द करा, विमा कंपनीकडेही आणि कार्डाच्या ॲपवरही. कार्ड फेडल्यानंतर पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज दिसेल. तेही पूर्ण भरा, किमान नाही.