कॅसेटवाला गेम आणि पीएस२ रेकॉर्ड करायला इझीकॅप पुरतं, फक्त सेटिंग नीट हवं

तुमच्याकडे कॅसेटवाला टीव्ही गेम आणि पीएस२ आहे, लॅपटॉप जुना, बजेट दोन हजारांचं. प्रश्न असा, की रेकॉर्डिंगसाठी यूएसबीचं इझीकॅप (गेमचं एव्ही चित्र थेट लॅपटॉपला देणारं उपकरण) घ्यावं की एव्ही-टू-एचडीएमआय डबी (एव्हीचं एचडीएमआय करणारी) आणि सोबत एचडीएमआय डाँगल (ते एचडीएमआय चित्र लॅपटॉपला देणारं). मी इझीकॅपच घ्या म्हणेन.

कारण सांगतो. कॅसेटवाला गेम दर वेळी पूर्ण चित्र पाठवतो, पण निम्म्या ओळींचं. आपल्याकडच्या पाल (इथली टीव्ही सिग्नलची पद्धत) यंत्रात सेकंदाला सुमारे ५० वेळा, जपानी-अमेरिकी यंत्रात ६० वेळा. स्वस्त उपकरणांना हे ओळखता येत नाही. लागोपाठची दोन चित्रं म्हणजे एकाच फ्रेमच्या सम आणि विषम ओळी, असं समजून ती एकमेकांत विणली जातात. इझीकॅप विणून तसंच लॅपटॉपला देतं, त्यामुळे वीण नंतर उसवता येते. एचडीएमआय डबी मात्र सगळं आपल्या मनाने मिसळून, रुंद ताणून पुढे पाठवते. मग काहीच परत मिळत नाही. मी अशा डबीतून रेकॉर्ड केलेल्या कॉन्ट्रा गेममध्ये, जीव गेल्यावर लुकलुकत परत येणारा खेळाडू सलग गायबच होता, कारण निम्मी चित्रं डबीतच गेली होती. दोन संध्याकाळींचं रेकॉर्डिंग पुसावं लागलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

इझीकॅप जोडल्यावर ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर) व्हिडिओ स्टँडर्ड पाल निवडा (एनटीएससी, म्हणजे जपानी-अमेरिकी पद्धत, राहिलं तर चित्र बहुतेक कृष्णधवल येईल), रिझोल्यूशन ७२०×५७६ ठेवा. मग सोर्सवर (यादीतल्या इझीकॅपच्या नावावर) राइट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये, म्हणजे वीण उसवायच्या सेटिंगमध्ये, ‘रेट्रो’ निवडा. विणलेली चित्रं हाच पर्याय सुटी करतो. ओबीएसचा एकूण फ्रेमरेटही ५० करा, नाहीतर केलेलं वाया जाईल.

इझीकॅपच्या एकाच प्लास्टिकमध्ये वेगवेगळ्या चिप येतात, बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून परत करायची मुदत असतानाच तपासा. डीइंटरलेसिंग बंद करा, गेममध्ये पळत राहा, रेकॉर्डिंग थांबवून बघा. हलणाऱ्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले तर उपकरण चांगलं आहे, दोन्ही चित्रं पोचतायत. कडा गुळगुळीत असतील तर परत पाठवा.

पीएस२ साठी वेगळा विचार. त्याचे बहुतेक गेम खरोखरच इंटरलेस्ड असतात, म्हणजे एकदा सम आणि एकदा विषम ओळी पाठवतात, तिथे ‘रेट्रो’ नको, त्याच यादीतलं ‘याडिफ २एक्स’ ठेवा. आणि एव्ही केबलच्या पिवळ्या (व्हिडिओच्या) पिनऐवजी पीएस२ ची एस-व्हिडिओ केबल (रंग आणि उजेड वेगळे नेणारी) मिळवा. बऱ्याच इझीकॅपना ते गोल छिद्र असतं. लाल अक्षरांच्या कडेला सरपटणारे ठिपके तेवढ्यानेच जातात. याहून स्वस्त सुधारणा मला माहीत नाही.

डाँगलच्या खोक्यावर फोर-के लिहिलेलं असतं, ते आत येणाऱ्या सिग्नलबद्दल. यूएसबी २ वाले स्वस्त डाँगल साधारण १०८०पी ला सेकंदाला ३० आणि ७२०पी ला ६० फ्रेम देतात. पुढे कधी चांगला स्केलर (जुन्या गेमचं चित्र नीट एचडीएमआयमध्ये बदलणारं यंत्र) घेतलात तर डाँगल तेव्हा घ्या.

खेळताना लॅपटॉपकडे बघू नका, चित्र उशिरा येतं आणि उड्या चुकतात. टीव्हीला एव्ही आउट असेल तर तिथून इझीकॅपला द्या. साध्या वाय-केबलने व्हिडिओ फोडला तर दोन्हीकडे चित्र अंधूक होतं. ऑडिओला ती चालते.