फुटबॉलचा 'मॅनेजर': व्यवस्थापक की प्रशिक्षक?

प्रश्न नागपूरचा आहे. १९२५ पासून लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबची धुरा सांभाळणारे हर्बर्ट चॅपमन यांना एका मराठी मजकुरात 'संघव्यवस्थापक' म्हटलं आहे. पण नागपूर-कामठीकडच्या स्पर्धांत संघव्यवस्थापक म्हणजे ओळखपत्रं, किट आणि गाडीचं बघणारा माणूस. मग चॅपमन यांना काय म्हणायचं?

'मॅनेजर'च म्हणावं. आपल्या संघयादीत 'प्रशिक्षक' आणि 'व्यवस्थापक' अशा दोन वेगळ्या ओळी असतात आणि चॅपमन एका ओळीत मावत नाहीत. त्यांच्या आधी बहुतेक इंग्लिश क्लबांत संघनिवड क्लबचे संचालक करत आणि सेक्रेटरी हिशेब-पत्रव्यवहार पाही. चॅपमन यांनी निवड, डावपेच आणि खेळाडूंची खरेदी आपल्या हाती घेतली.

१९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला: पास सुटताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागलं. दोन फुलबॅकांची, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूंची, जुनी जोडी उघडी पडली. त्याच ऑक्टोबरात आर्सेनल न्यूकॅसलकडून ०-७ हरलं. मग आर्सेनलचा खेळाडू चार्ली बुकन याचा आग्रह मानून चॅपमन यांनी सेंटर-हाफला (मधल्या फळीतल्या मधल्या खेळाडूला) दोन फुलबॅकांच्या मध्ये उभं केलं. नुसतं एवढंच केलं तर मैदानाचा मधला भाग मोकळा पडतो; म्हणून इनसाइड-फॉरवर्डही (आक्रमणातल्या मधल्या खेळाडूच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोघे) खाली आले. रचना झाली ३-२-२-३. पुढच्या पाचांचा इंग्रजी डब्ल्यू (वर तीन टोकं, खाली दोन), मागच्या पाचांचा एम. म्हणून नाव 'डब्ल्यू-एम'. कागदावर काढून पाहिलं की लगेच पटतं.

इथवर काम प्रशिक्षकाचं. पण १९२८ मध्ये शर्टांवर नंबर घालून संघ उतरवणं, १९३२ मध्ये भुयारी रेल्वेच्या गिलेस्पी रोड स्टेशनला 'आर्सेनल' हे नाव मिळवून देणं, याला 'प्रशिक्षण' कसं म्हणणार?

व्युत्पत्तीही मॅनेजरच्याच बाजूची आहे. मूळ इटालियन क्रियापद घोडा हाताळण्याचं, त्याच्या पोटात लॅटिन 'हात'. आपलं 'हाताळणे' अगदी तसंच घडलंय! 'कोच' मात्र हंगेरीतल्या कोच गावच्या घोडागाडीवरून आला; रेल्वेचा कोच आणि मैदानावरचा कोच सख्खे भाऊ.

दोन्ही पदांतला फरक आजही जिवंत आहे. मिकेल आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेनलचे 'हेड कोच' झाले. सप्टेंबर २०२० मध्ये क्लबने पदनाम बदलून 'मॅनेजर' केलं. त्यामुळे २०१९ च्या बातमीत 'मुख्य प्रशिक्षक', नंतरच्या बातमीत 'मॅनेजर' लिहावं. भारताला १९५१ आणि १९६२ चं आशियाई सुवर्ण मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम मात्र 'प्रशिक्षक'च.

विभक्ती लावताना 'मॅनेजरने', 'मॅनेजरला' असं सरळ लिहावं. 'मॅनेजराने' कानाला खटकतं. अनेकवचन 'मॅनेजर'च राहतं, आणि बाई त्या पदावर असल्या तरी 'त्या मॅनेजर'.