वाचकांचे प्रश्न : मतदार यादीतील नाव आणि घरून मतदान

प्रश्न : माझी आई ८७ वर्षांची असून गेली तीन वर्षे अंथरुणाला खिळलेली आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शेजारच्या आजींचे मत अधिकाऱ्यांनी घरी येऊन घेतले, आमच्याकडे मात्र कोणीच फिरकले नाही. मतदानाच्या आठवडाभर आधी चौकशी केली, तेव्हा मुदत संपल्याचे कळले. आईच्या इलेक्शन कार्डावर तिचे वय सहा वर्षांनी कमी पडलेले आहे. पुढच्या वेळी तिला मत देता यावे यासाठी काय करावे? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : आपल्या आईंच्या मताच्या आड दोन गोष्टी आल्या : यादीतील चुकीचे वय आणि हुकलेली मुदत. घरून टपाली मतदानाची सोय २०१९ च्या नियमदुरुस्तीने सुरू झाली. आरंभी ती ८० वर्षांवरील मतदारांसाठी होती. मार्च २०२४ पासून ही अट ८५ वर्षांची झाली. बीएलओ (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) यादीतील वय पाहूनच अर्ज घेऊन दारात येतो, त्यामुळे ज्यांचे वय कागदावर ८५ च्या आत राहिले त्यांच्या घरी तो येण्याचे कारणच उरले नाही. म्हणून निवडणुकीची वाट न पाहता आताच नमुना ८ भरून वय दुरुस्त करून घ्यावे. हा अर्ज बीएलओकडे देता येतो किंवा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो. सोबत जन्माचा पुरावा लागतो. आपल्या आईंच्या पिढीकडे बहुधा शाळेचा दाखला नसतो. परंतु त्यांच्या जन्माची नोंद पोर्तुगीज अमदानीत झालेली असेल, तर तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयात जुन्या वह्यांतून तिचा उतारा मिळू शकतो. त्यासाठी दोन-चार खेपा पडतील, पण त्या घालण्यासारख्या आहेत.

आता मुदतीविषयी. घरून मतदानासाठी नमुना १२-ड भरावा लागतो आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत निर्वाचन अधिकाऱ्याकडे पोहोचावा लागतो. अधिसूचना म्हणजे वर्तमानपत्रात वाचलेली कार्यक्रमाची घोषणा नव्हे, आणि इथेच बहुतेक घरांत गफलत होते. २०२४ मध्ये घोषणा १६ मार्चला झाली, गोव्यासाठीची अधिसूचना १२ एप्रिलला निघाली आणि मतदान ७ मे रोजी झाले. म्हणजे प्रचाराचा गलबला जेमतेम सुरू होत असताना, मतदानाला वीस दिवस शिल्लक असतानाच, ही मुदत १७ एप्रिलला संपली होती. तेव्हा घोषणा होताच अर्ज मागून घ्यावा, बीएलओ आला नाही तर आपणच त्याला गाठावे आणि अर्ज दिल्याची पोच जपून ठेवावी. आईंकडे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर त्या आधारेही हाच अर्ज करता येतो आणि मग वयाची अट लागत नाही. वयाची दुरुस्ती लांबलीच, तर हा मार्ग मोकळा असावा म्हणून दाखल्याचे कामही सोबतच हाती घ्यावे.

अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मताची खूण होते आणि त्या मतदाराला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ठरल्या दिवशी पथक घरी येते. चित्रीकरण होते, पण मत कोणाला दिले ते कोणालाही दिसता कामा नये. निवडणुकीच्या कामावर असताना पाहिलेले एक घर मला आठवते. खाटेच्या कडेला पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला होता. आजींनी मतपत्रिका डोळ्यांजवळ धरून सगळी नावे वाचली, खूण केली, घडी घातली आणि लहान पाकीट स्वतः चिकटवल्याखेरीज हातातून सोडले नाही. घरातल्या माणसांनी त्या वेळी बाजूला व्हावे, एवढी काळजी आपणही घ्यावी.

प्रश्न : माझे पती बोटीवर नोकरीला असून मतदानाच्या वेळी नेमके समुद्रात असतात. त्यांना टपालाने मत देता येईल का? सतत बाहेर असल्याने त्यांचे नाव कापले जाईल, असे गावात सांगतात. (एक वाचक, बार्देश)

उत्तर : नाव कापले जाण्याचे भय बाळगू नये. कामानिमित्त तात्पुरते बाहेर राहिल्याने मनुष्य आपल्या गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही, असे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच म्हटले आहे. कोणी नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरलाच, तर सुनावणीच्या वेळी आपण हे सांगावे. टपाली मताचे उत्तर मात्र नाही असेच आहे, आणि ज्या गोव्यात घरटी एक माणूस बोटीवर असलेले वाडे आहेत तिथे ते लिहिताना मला वाईट वाटते. सैन्यदलातील जवानांना आणि परदेशात नेमलेल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सेवा मतदार म्हणून टपाली मत मिळते. व्यापारी व प्रवासी जहाजांवरील खलाशी त्यांत मोडत नाहीत. आखातात राहणाऱ्या भारतीयांना नमुना ६-अ भरून नाव नोंदवता येते, पण मत देण्यासाठी त्यांनाही मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावरच यावे लागते. ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, त्यांचा भारतातील मताधिकार संपतो. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी तो परत येत नाही.

प्रश्न : मुलीला जूनमध्ये १८ वर्षे पूर्ण होतील. तिला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत. आपल्या मुलीला १ जुलै लागू पडते आणि १७ वर्षे पूर्ण झालेली असल्याने नमुना ६ आगाऊ भरता येतो.

प्रश्न : लग्नानंतर मी डिचोलीहून वाळपईला आले. दोन्हीकडे नाव असले तर बिघडते का? (एक वाचक, सत्तरी)

उत्तर : होय. एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणी असावे असा कायदा आहे आणि खोटे निवेदन करून नाव नोंदवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. नव्याने नमुना ६ भरू नये. स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा. उमेदवारी अर्जांची अखेरची तारीख उलटल्यावर त्या निवडणुकीपुरती यादीत भर पडत नाही, म्हणून हे काम आधीच करावे आणि काही आठवड्यांनी वाळपईच्या यादीत आपले नाव स्वतः शोधून पाहावे. जुने कार्ड कपाटात असले, तरी मत यादीतील नावावरच देता येते.