वाचकांचे प्रश्न: शहराला सापडलेला डायनोसॉर म्युझियमला का देऊन टाकायचा?

प्रश्न: दादा, अमेरिकेत डेन्व्हरजवळ थॉर्नटन नावाचं शहर आहे, तिथे इमारतीचा पाया खणताना डायनोसॉर सापडला आणि शेवटी तो डेन्व्हरच्या मोठ्या म्युझियमकडे गेला असं वाचलं. मला हे काही पटलं नाही. जमीन शहराची, बांधकाम शहराचं, मग आयता हातात आलेला खजिना दुसऱ्याला का द्यायचा? आपल्याच टाउन हॉलमधे काचेच्या पेटीत ठेवला असता तर येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहिला असता की.

उत्तर: काचेच्या पेटीपर्यंत पोचायलाच किती वेळ लागतो ते आधी बघा. ऑगस्ट २०१७ मधे थॉर्नटनला पोलिस आणि फायर ब्रिगेडसाठी नवी इमारत बांधायला घेतली होती, खोदकाम करणाऱ्यांना हाडं दिसली, त्यांनी काम थांबवलं आणि डेन्व्हर म्युझियम ऑफ नेचर अँड सायन्सच्या लोकांना बोलावलं. आता जमिनीतून डायनोसॉर "निघतो" म्हणजे काय निघतं, तर सिनेमात दाखवतात तसा पांढरा स्वच्छ सांगाडा अजिबात नाही. निघतात ती भेगा पडलेली, मातीच्याच रंगाची हाडं, नुसता हात लावला तरी भुगा होईल अशी. आधी त्यांच्यात पातळ गोंद मुरवायचा, मग वरून ओला कागद लावायचा म्हणजे प्लास्टर हाडाला चिकटत नाही, मग गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमधे बुडवून गुंडाळायच्या, मग खालून माती कोरत कोरत तो गोळा सुटा करायचा आणि सगळ्यांनी श्वास रोखून तो उलटा करायचा, कारण गडबड झाली तर नेमकी त्याच क्षणाला होते.

आणि ही तर सुरुवात. लॅबमधे नेल्यावर प्लास्टर कापायचं आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या, पेनाएवढ्या छिन्नीने खडकाचा एकेक कण उडवायचा. मोठ्या कवटीला महिनोन्महिने जातात. टाउन हॉलमधे हे कोण करणार, क्लार्क?

थॉर्नटनच्याच केसमधे एक गंमत झाली. पहिल्यांदा सगळीकडे बातमी गेली की ट्रायसेराटॉप्स सापडला, म्हणजे तो तीन शिंगांचा, मुलांच्या टी-शर्टवर असतो तो. पण हाडं जशी मोकळी होत गेली तशी मानेवरची हाडाची झालर पातळ निघाली. ट्रायसेराटॉप्सची झालर भरीव असते, आणि ज्याच्या झालरीत दोन मोठी भोकं असतात तो टोरोसॉरस, जो फारच कमी वेळा सापडतो. डिसेंबरमधे म्युझियमने तसं जाहीर केलं. आता समजा शहराने पहिल्याच आठवड्यात ट्रायसेराटॉप्स असा पितळी बोर्ड करून ठेवला असता तर?

अजून एक. टोरोसॉरस हा खरंच वेगळा प्राणी आहे की म्हातारा झालेला ट्रायसेराटॉप्स, यावर २०१० पासून सायंटिस्ट लोकांचं भांडण चालू आहे. ते मिटवायचं तर हाडाची पातळ चकती कापून मायक्रोस्कोपखाली वाढीच्या रेषा बघाव्या लागतात, दहा ठिकाणची हाडं शेजारी शेजारी मांडून मोजावी लागतात. शहराने अभिमानाने पेटीत ठेवलेलं हाड कुणी करवतीने कापू देईल का? म्युझियममधे ते रीतसर अर्ज करून, नोंद ठेवून कापता येतं. माझ्या मते द्यायचं खरं कारण हे आहे, बाकी सगळं नंतर.

प्रश्न: पण दादा, म्युझियमवाले तरी कुठे दाखवतात? आमच्या ओळखीत एकांनी चांगला फॉसिल (जीवाश्म) दिला होता, तो सरळ तळघरातल्या ड्रॉवरमधे गेला. मग देऊन काय उपयोग?

उत्तर: ताई, ड्रॉवरमधे गेला म्हणजे वाया गेला असं मानू नका. कुठल्याही मोठ्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधे लोकांना दिसतो तो अगदी थोडासा भाग असतो, बाकी सगळं मागे, कपाटांत, आणि खरं काम तिथेच चालतं.

कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाड शहराचं उदाहरण घ्या. १९८७ मधे तिथे एका रस्त्याचं काम चालू असताना एका चिलखती डायनोसॉरचे अवशेष सापडले, ते सॅन डिएगोच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधे गेले. अँकिलोसॉर जातीचा तो प्राणी, वय साधारण साडेसात कोटी वर्षं. कवटी नाही, हाडं झिजलेली, म्हणजे बघायला कुणी तिकीट काढलं नसतं असाच नमुना. पण त्याच्याबरोबर कालवं आणि शार्कचे दात पण निघाले होते. म्हणजे जमिनीवर राहणारा प्राणी मेला, फुगून वाहत वाहत समुद्रात गेला, तळाशी बसला, शार्कनी कुरतडला आणि मग त्याच्या हाडांवर समुद्रातल्या जिवांनी बिऱ्हाड केलं. ही सगळी गोष्ट कळली ती त्या शिंपल्यांमुळे आणि दातांमुळे. हौशी माणसाने पहिलं काम काय केलं असतं, तर हाडं घासून पुसून चकाचक आणि शिंपले कचऱ्यात.

त्याला अलेटोपेल्टा हे नाव मिळालं २००१ मधे, सापडल्यानंतर तब्बल १४ वर्षांनी. एवढी वर्षं तो ड्रॉवरमधेच होता, पण नंबर घातलेला, कुठल्या थरात कुठल्या जागी सापडला त्याची वही शेजारी. ती वही नसेल तर हाड म्हणजे नुसता छान दगड. मी तर म्हणेन शहर म्युझियमला हाडं देतं त्यापेक्षा ती सांभाळायची कटकट देतं. काही फॉसिलमधे पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज असतं, हवा दमट राहिली की ते हवेशी रिअ‍ॅक्ट होऊन अ‍ॅसिड तयार होतं आणि कोट्यवधी वर्षं टिकलेलं हाड आतून फुटून पिवळट पावडर होऊन बसतं. हिमयुगातली ओल्या चिखलात सापडलेली हाडं त्याच्या उलट, ती पटकन वाळली की तडकतात, म्हणून ओल्या कपड्यात आणि प्लास्टिकमधे गुंडाळून हळूहळू वाळवावी लागतात. कोलोरॅडोतल्या स्नोमासला २०१० मधे जलाशयाच्या कामात बुलडोझरवाल्याला मॅमथ, म्हणजे हिमयुगातला हत्ती सापडला आणि मग मॅस्टोडॉन (हत्तीचाच नामशेष नातेवाईक), मोठ्या शिंगांचे बायसन असं काय काय निघत गेलं, तेव्हा डेन्व्हरच्या म्युझियमने हजारो हाडं अशीच सांभाळली. तेही धरणाचं काम अडू नये म्हणून घाईघाईत, २०११ च्या उन्हाळ्यापर्यंत सगळं उरकून.

प्रश्न: लिलावात डायनोसॉर करोडोंना जातात. शहराने विकून शाळा, रस्ते केले असते तर जास्त शहाणपणाचं नसतं का?

उत्तर: हा प्रश्न दर वेळी येतोच, आणि आकडे ऐकले की कुणालाही येईल. सू नावाचा टी-रेक्स १९९७ मधे ८३ लाख ६० हजार डॉलरला गेला, स्टॅन हा दुसरा टी-रेक्स २०२० मधे ३ कोटी १८ लाख डॉलरला, आणि कोलोरॅडोतच खासगी जमिनीवर सापडलेला एपेक्स हा स्टेगोसॉरस जुलै २०२४ मधे ४ कोटी ४६ लाख डॉलरला. अमेरिकेत खासगी जमिनीवरचा फॉसिल जमीनमालकाचा, तो विकू शकतो. केंद्र सरकारच्या जमिनीवर मात्र २००९ च्या कायद्यानुसार हाडांचे फॉसिल परवानगीशिवाय उचलता येत नाहीत आणि परवानगीने काढलेले सार्वजनिक संस्थेतच ठेवावे लागतात. राज्यांचे नियम अजून वेगळे, त्यामुळे नगरपालिकेच्या मनात आलं आणि दुसऱ्या दिवशी लिलावात मांडलं असं होत नाही.

तरी समजा विकता आलं. मग घेणारा कोण? सू च्या वेळी नशीब चांगलं होतं, शिकागोच्या फील्ड म्युझियमने मोठमोठ्या कंपन्यांचे पैसे जमवून तिला घेतलं म्हणून आज लोकांना दिसते. एपेक्स घेतला एका अब्जाधीशाने, त्याने न्यूयॉर्कच्या म्युझियमला उसना दिलाय, चांगलंच आहे, पण उसना तो उसना. आणि अभ्यास करणाऱ्यांची अडचण अशी की एकाने मोजलेलं दुसऱ्याला पुन्हा मोजून तपासता आलं पाहिजे, तो नमुना उद्या मालकाच्या दिवाणखान्यात गेला तर तपासणार कसं, म्हणून बरीच चांगली जर्नल्स खासगी मालकीच्या हाडांवरचे पेपर घेतच नाहीत. शिवाय भाव येतो तो टी-रेक्ससारख्या हिरोंना. तो कार्ल्सबाडचा बिनकवटीचा अँकिलोसॉर विकून शाळेचं कुंपणसुद्धा झालं नसतं असं मला वाटतं.

प्रश्न: आमच्या कमिटीकडे गावाच्या हद्दीत सापडलेले फॉसिल आहेत, मोठ्या म्युझियमला द्यायचं ठरतंय. कागदावर काय अटी घालाव्यात?

उत्तर: एक अट घालूच नका, ती म्हणजे "कायम प्रदर्शनात ठेवावे". चांगलं म्युझियम ती मान्य करत नाही आणि जे करतं त्याच्यावर मी भरवसा ठेवणार नाही. बक्षीसपत्र सरळ, बिनशर्त असू द्या, पण त्याच्या बरोबरीने दुसरा करार करून घ्या. त्यात चांगला साचा काढून एक प्रतिकृती तुम्हाला मिळावी, आणि अधूनमधून खरा नमुना प्रदर्शनासाठी उसना मिळावा. तसंच खोदकामाच्या नोंदी, फोटो, थ्रीडी स्कॅन यांची एक कॉपी तुमच्याकडे राहावी. आणि पुढेमागे म्युझियमला तो नमुना नकोसा झाला तर तो विकायचा नाही, दुसऱ्या सार्वजनिक संस्थेलाच द्यायचा. खर्चाचं पण तोंडावर बोलून घ्या. साफसफाई, कपाटं, माणसांचे पगार हे सगळं कुणीतरी भरतंच, आणि बरीच म्युझियम्स नमुन्याबरोबर त्याच्या सांभाळणीचा खर्चही मागतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

नोंदींच्या कॉपीवर एवढा जोर का देतोय ते सांगतो. म्युझियम म्हणजे तिजोरी, तिथे काही होऊ शकत नाही, हा गैरसमज आहे. स्पायनोसॉरस या मोठ्या मांसाहारी डायनोसॉरचा मूळ नमुना, ज्याच्यावरून त्या प्राण्याला १९१५ मधे नाव दिलं तोच, म्युनिकच्या म्युझियममधे होता. दुसरं महायुद्ध चालू, शहरावर बॉम्ब पडण्याची भीती, ज्या सायंटिस्टने त्याचं वर्णन लिहिलं होतं तो अर्न्स्ट श्ट्रोमर मागे लागला होता की हे बाहेर हलवा, वरिष्ठांनी ऐकलं नाही आणि एप्रिल १९४४ च्या हवाई हल्ल्यात सगळं जळालं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या प्राण्याबद्दल जे काही माहीत होतं ते मुख्यतः श्ट्रोमरच्या वर्णनावरून आणि चित्रांवरून. २०१८ मधे ब्राझीलमधल्या रिओचं नॅशनल म्युझियम जळालं तेव्हा पण हेच. त्यामुळे दोन ठिकाणी कॉपी, यावर हटून बसा.

आणि हो, द्यायलाच पाहिजे असाही नियम नाही. टेक्ससमधल्या वेको शहराला मॅमथचा कळप सापडला, पहिलं हाड १९७८ मधे, तर तिथे हाडं बरीचशी आहे त्याच जागी ठेवून वर छप्पर घातलं, आणि २०१५ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे, शहर, बेलर युनिव्हर्सिटी आणि नॅशनल पार्क सर्व्हिस मिळून बघतात. कॅलिफोर्नियात डायमंड व्हॅली लेक हा जलाशय बांधताना इतके मॅस्टोडॉन निघाले की त्यांच्यासाठी जवळच हेमेट शहरात वेगळं म्युझियम उभं राहिलं, २००६ मधे. पण दोन्हीकडे मागे पैसा होता आणि पगारी अभ्यासक होते. कमिटीतल्या दोन उत्साही रिटायर्ड सभासदांच्या जोरावर हे करायला जाऊ नका, ते दमले की कपाटाची किल्ली सुद्धा सापडत नाही.

प्रश्न: म्युझियममधे उभा असतो तो सांगाडा खरा असतो की प्लास्टिकचा?

उत्तर: दोन्ही, बऱ्याचदा एकाच सांगाड्यात. सापडली नाहीत ती हाडं कास्ट करून लावतात. सू ची खरी कवटी उभ्या सांगाड्याला झेपणार नाही इतकी जड आहे म्हणून ती वेगळ्या पेटीत ठेवलीय आणि धडावर आहे ती प्रतिकृती. बोर्डवर लिहिलेलं असतं, वाचत जा.

प्रश्न: थॉर्नटनसारख्या शहरांखाली अजून डायनोसॉर असतील का?

उत्तर: असणारच. डेन्व्हर आणि आजूबाजूची शहरं ज्या खडकांवर बसलीत त्यांचे थर डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातले, त्याच्या थोडं आधीचे नि थोडं नंतरचे आहेत, थॉर्नटनचा टोरोसॉरस पण साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. फक्त वर घरं आणि डांबर आहे त्यामुळे कुणी खणलं तरच कळतं. जानेवारी २०२५ मधे तर डेन्व्हरच्या त्याच म्युझियमने जमिनीतली उष्णता वापरता येते का बघायला स्वतःच्या पार्किंग लॉटमधे बोअर घेतला आणि ७६३ फुटांवरून वर आलेल्या खडकाच्या नळीत चक्क डायनोसॉरच्या मणक्याचा तुकडा निघाला, साधारण पावणेसात कोटी वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी शाकाहारी डायनोसॉरचा. बोअरची रुंदी जेमतेम काही इंच, त्यात नेमकं हाड यावं म्हणजे कमालच. उरलेला प्राणी काढायला पार्किंग उकरायचा मात्र त्यांचा विचार नाही, एवढ्या खोल जायचं तर म्युझियमच हलवावं लागेल.